रोझेलची मावशी आणि ‘लोकस्थिती’: एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन स्त्रीच्या दिनक्रमाचे मराठी वाचन

१८८९ या एकाच वर्षी तीन पुस्तके प्रसिद्ध झाली. पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून बाहेर पडले. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र त्यांच्या पत्रांसह वाचकांपुढे आले. आणि तिकडे बोस्टनमध्ये ल्यूसी लार्कम या कवयित्रीचे ‘अ न्यू इंग्लंड गर्लहुड’ हे आत्मकथन छापले गेले. पहिल्या दोन पुस्तकांचा एकमेकींशी असलेला संबंध आपल्या अभ्यासकांना परिचित आहे. तिसऱ्याचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही, आणि त्यामुळेच ते येथे उपयोगाचे आहे. तिन्ही पुस्तकांत एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन स्त्रीचा दिवस कोठे ना कोठे नोंदला गेला आहे. मात्र तो तीन वेगवेगळ्या दारांतून आत आलेला आहे. यांपैकी दोन दारे मराठी आहेत, ही गोष्ट आपल्या समीक्षेने फारशी मनावर घेतलेली नाही. रमाबाईंचे पुस्तक आपण सुधारणावादाचा दस्तऐवज किंवा आरंभीचे प्रवासवर्णन म्हणून वाचतो. आनंदीबाईंची पत्रे चरित्राचा कच्चा माल म्हणून. ही दोन्ही वाचने चुकीची नाहीत, पण अपुरी आहेत. अमेरिकन घराचा, चुलीचा, कपड्यालत्त्याचा आणि हातांना पडणाऱ्या कामाचा जो साक्षीपुरावा या मराठी संहितांत आहे, त्याचे स्वरूप कोणते आणि त्याच्या मर्यादा कोठे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

दैनंदिन आयुष्याचा इतिहास लिहिताना एक अडचण नेहमी येते. जे रोजचे असते ते जगणारा माणूस लिहून ठेवत नाही. अमेरिकेतील स्त्री-इतिहासकारांनी ही अडचण सोडवताना आपल्या ‘संहिते’च्या कल्पनेतच बदल केला. बार्बरा वेल्टर यांनी १९६६ साली ‘खऱ्या स्त्रीत्वा’चा जो पंथ वर्णन केला, त्यासाठी त्यांनी प्रामुख्याने स्त्रियांची मासिके, उपदेशपर पुस्तके आणि प्रवचने वाचली होती. धर्मशीलता, शुचिता, आज्ञाधारकता आणि गृहनिष्ठा हे चार गुण त्यांना तेथे सापडले. पण मासिक सांगते ते कसे असावे हे. कसे होते हे नव्हे. कॅरल स्मिथ-रोझेनबर्ग यांनी १९७५ मध्ये स्त्रियांनी स्त्रियांना लिहिलेल्या खाजगी पत्रांकडे लक्ष वळवले आणि मासिकांतल्या आज्ञाधारक गृहिणीमागे मैत्रिणी, बहिणी, बाळंतपणे आणि आजारपणे यांनी भरलेले एक दाट जग उभे राहिले. पुढे १९९० मध्ये लॉरेल थॅचर अल्रिक यांनी मेन प्रांतातील मार्था बॅलर्ड या सुईणीची १७८५ ते १८१२ या काळातील रोजनिशी वाचून दाखवली. हवामान, सूत, भाजीचा वाफा आणि ८१६ बाळंतपणे यांच्या त्या त्रोटक नोंदी आधीच्या वाचकांना क्षुल्लक वाटल्या होत्या. अल्रिक यांनी त्या क्षुल्लकपणालाच आशय मानले. मासिकाकडून पत्राकडे आणि पत्राकडून रोजनिशीकडे झालेला हा प्रवास केवळ साधनांचा नाही. काय वाचण्याजोगे आहे याविषयीच्या निर्णयाचा तो प्रवास आहे. मराठीत असा निर्णय आपण अद्याप पुरतेपणी घेतलेला नाही.

परक्या माणसाच्या बाबतीत ही अडचण उलटी होते. जे यजमानाला दिसत नाही ते पाहुण्याला टोचते. म्हणूनच मराठी स्त्रीने अमेरिकेत बसून लिहिलेले पत्र हे अमेरिकन स्त्रीच्या दिनक्रमाचेही साधन ठरते.

या कथेचा उगम आपल्याच जिल्ह्यात आहे. टपालखात्यातील नोकरीनिमित्त कोल्हापुरात असताना गोपाळराव जोशींनी १८७८ साली पत्नीच्या शिक्षणाच्या सोयीसाठी अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहिले. रॉयल वाइल्डर हे मिशनरी १८५२ पासून कोल्हापुरात राहिले होते आणि तेव्हा स्वदेशी परतून प्रिन्स्टनहून ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिक चालवीत होते. गोपाळरावांचे पत्र त्यात छापले गेले, सोबत धर्मांतराचा आग्रह धरणारे आणि मदतीच्या बाबतीत थंड असे उत्तरही छापले गेले. १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल या गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता त्यांच्या हाती तो अंक पडला. हा प्रसंग आपल्याकडे दैवयोग म्हणून सांगितला जातो. इतिहासाच्या दृष्टीने त्यात दैवापेक्षा दिनक्रम अधिक आहे. मध्यमवर्गीय गृहिणी घराबाहेर एकटी पडू शकते, तिला वाचता येते, दवाखान्यात धार्मिक मासिक ठेवलेले असते, आणि वाचलेल्या मजकुरावर आपण काही करू शकतो असे तिला वाटते: एवढ्या सर्व गोष्टी सवयीच्या झाल्याशिवाय तो दैवयोग घडत नाही. कोल्हापूरच्या टपालात पडलेला एक कागद रोझेलमधल्या एका बाईच्या रिकाम्या अर्ध्या तासापर्यंत पोचला, त्यामागे मिशनांचे जाळे तर होतेच. पण त्या नियतकालिकांवर पोसलेला स्त्रीवाचकवर्गही होता.

यानंतर प्रत्यक्ष भेट होईपर्यंतची तीन वर्षे आनंदीबाई आणि मिसेस कार्पेंटर एकमेकींना पत्रे लिहीत राहिल्या. आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ मानू लागल्या. स्मिथ-रोझेनबर्ग यांनी वर्णिलेल्या स्त्रियांच्या पत्रविश्वात जी नाती येतात ती बहुधा रक्ताची, शेजारची किंवा शाळेतली आहेत. येथे दोघींनी एकमेकींना पाहिलेलेही नाही, आणि मराठी बाई त्या परदेशी बाईला आपल्या नातेव्यवस्थेत नेमकी जागा देते. ती जागा आईची नाही, सासूची नाही, आत्याचीही नाही. ‘माय मरो पण मावशी जगो’ असे म्हणणाऱ्या भाषेत ही निवड सहज वाटेल. पण आनंदीबाईंना लहानपणी आईकडून मिळालेला जाच काशीबाईंनी नोंदवला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या सहजतेत एक निवाडाही असल्याचे जाणवते. दुसरीकडे कार्पेंटर यांच्या बाजूने पाहिले तर त्यांच्या वर्गातील अमेरिकन स्त्रीला परोपकाराचे क्षेत्र खुले होते, राज्यकारभाराचे नव्हते. परदेशी ‘भाची’ला घरी ठेवणे हे गृहनिष्ठेच्या मर्यादेत बसणारे आणि तरीही घराच्या भिंती ओलांडणारे कृत्य होते. दोन समाजांतील दोन मर्यादा एका नात्यात अशा रीतीने एकत्र आल्या.

आनंदीबाई १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. रोझेलमधले पहिले महिने आणि पुढे फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातील शिक्षण (१८५० मध्ये स्थापन झालेली ही संस्था), यांविषयी त्यांच्या पत्रांतून जे कळते त्यात अमेरिकेची वर्णने कमी आणि अडचणी अधिक आहेत. समीक्षकाला हे उणे वाटण्याचा संभव आहे. वास्तविक येथेच पत्रांचे मोल आहे. दिनक्रम संहितेत येतो तो अडखळतो तेव्हा. फिलाडेल्फियातील खोलीतली शेगडी नीट पेटत नाही, धूर कोंडतो. म्हणून धूर सोसावा की थंडी, असा पर्याय उरतो. हा तपशील त्यांच्या प्रकृतीच्या ऱ्हासाचे कारण म्हणून चरित्रकार सांगतात. पण तो एवढ्यावर संपत नाही. अमेरिकन घरातील स्त्रीचा कितीतरी वेळ विस्तवाच्या देखभालीत जात असे: कोळसा आणणे, राख काढणे, ओतीव लोखंडाच्या चुलीला काळे पॉलिश करणे, जाळ कमीजास्त करणे. कॅथरिन बीचर यांनी १८४१ मध्ये गृहव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला आणि १८६९ मध्ये बहीण हॅरिएट बीचर स्टो यांच्यासह ‘द अमेरिकन विमन्स होम’ प्रसिद्ध केला, त्यात हवा खेळती ठेवणे आणि उष्णता यांवर भर दिलेला आढळतो. पुस्तकातली चूल नेहमी नीट पेटते. आनंदीबाईंची पेटत नाही. अमेरिकन इतिहासकारांना नंतर रूथ श्वार्ट्झ कोवन यांच्या १९८३ च्या अभ्यासातून जे उमगले, की नवी साधने आल्याने गृहिणीचे काम कमी झाले नाही, केवळ त्याचे रूप आणि वाटप पालटले, त्याची एक बारीकशी चाहूल या धुरकट खोलीत लागते.

वस्त्राचेही तसेच. नऊवारी नेसल्यावर पोटऱ्या उघड्या राहतात. तेथे स्त्रीचा घोटाही झाकलेला असावा असा संकेत, आणि हवा अशी की उघड्या पायांनी वावरणे अशक्य. आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली आणि हा बदल गोपाळरावांना पत्रातून कळवावा लागला. सात समुद्रांपलीकडून मागितलेली ही मंजुरी आजच्या वाचकाला हास्यास्पद वाटेल. परंतु अमेरिकन स्त्रीचे वस्त्रही तेव्हा वादाचा विषय होते. अमेलिया ब्लूमर यांनी १८५१ च्या सुमारास पुरस्कारलेल्या सैल विजारीच्या पोशाखाची इतकी टिंगल झाली की त्याच्या कैवारी स्त्रियांनीच पुढे तो सोडून दिला. कंबर आवळणाऱ्या कॉर्सेटविरुद्ध डॉक्टर स्त्रिया बोलत होत्या. शरीरशास्त्र शिकवणाऱ्या वर्गात साडी नेसून बसलेल्या आनंदीबाई आणि कॉर्सेट आवळून बसलेल्या त्यांच्या सहाध्यायिनी, यांच्यापैकी कोणाच्या फुप्फुसांना अधिक मोकळीक होती हे सांगण्यास डॉक्टरची गरज नाही. मात्र त्या वर्गात ‘वेगळी’ दिसत होती ती एकच.

रमाबाईंचे पुस्तक याच्या नेमके विरुद्ध टोकाला आहे. १८८६ च्या मार्चमध्ये त्या आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला आल्या आणि पुढे अडीच वर्षांहून अधिक काळ देशभर फिरल्या. त्यांच्या पुस्तकाच्या नावातच दोन वाङ्मयप्रकार शेजारी उभे आहेत, आणि ‘लोकस्थिती’ला पहिले स्थान आहे. हॅरिएट मार्टिनो या इंग्रज लेखिकेने १८३४ ते १८३६ च्या अमेरिकावासानंतर समाजाचे विवेचन आणि प्रवासाच्या आठवणी अशी दोन स्वतंत्र पुस्तके केली होती. रमाबाईंनी दोन्ही एकाच जिल्दीत बांधली, तरी प्रवासवृत्ताला मिळालेली जागा थोडी आहे. राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ, परोपकारी संस्था अशा क्रमाने देश उलगडतो आणि स्त्रियांच्या स्थितीवरील प्रकरणाला सर्वांत अधिक वजन मिळते. तेथे स्त्री दिसते ती संस्थेत: महाविद्यालयात, व्यवसायात, मद्यपानविरोधी संघटनेत, फ्रान्सिस विलर्ड यांच्या व्यासपीठावर. सकाळी उठून ती स्त्री काय करते, हा प्रश्न रमाबाईंना गौण वाटतो. याचे कारण लेखनाच्या हेतूत आहे. त्यांना मराठी वाचकापुढे एक शक्यता मांडायची होती, की स्त्रियांनी संघटित होऊन उभारलेल्या संस्था समाज बदलू शकतात. ‘शारदा सदन’ ११ मार्च १८८९ रोजी सुरू झाले ते याच विचारातून, आणि त्याला अर्थसाहाय्य आले ते बोस्टनमधील रमाबाई असोसिएशनकडून.

असे असूनही रमाबाई भाबड्या नव्हत्या. गुलामगिरीचा वारसा, काळ्यांना मिळणारी वागणूक, मूळ रहिवाशांवरील अन्याय यांवर त्यांनी कठोर लिहिले. मीरा कोसंबी यांनी २००३ मध्ये या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद करताना त्याला ‘अमेरिकेकडे उलट टाकलेली दृष्टी’ अशा अर्थाचे शीर्षक दिले ते सार्थ आहे. परंतु वंशाविषयीची ही जाणीव आणि स्त्रियांच्या स्थितीविषयीचे प्रकरण यांची पुस्तकात पुरेशी गाठ पडत नाही, असे मला वाटते. ‘अमेरिकन स्त्री’ म्हणताच त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहते ती गोरी, शिकलेली, संस्था चालवणारी. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. त्या मुक्तीनंतर काळ्या स्त्रीच्या हाती काय आले, हा पुढचा प्रश्न मराठीत कोणी विचारला नाही. तिच्या हाती आले ते धुणे. १८८१ च्या उन्हाळ्यात, म्हणजे आनंदीबाई बोटीवर चढण्यापूर्वी दोनच वर्षे, अटलांटा शहरातील काळ्या धोबिणींनी धुण्याच्या दरासाठी संप केला होता आणि त्याचे लोण हजारो स्त्रियांपर्यंत पोचले होते. सोमवार हा अमेरिकन घरांत धुण्याचा वार. पाणी वाहणे, उकळणे, चोळणे, पिळणे, खळ आणि इस्त्री करणे यांत आठवड्याचे दोन दिवस जात. ज्या घराला परवडत असे ते हे काम सर्वप्रथम बाहेर देत असे. मिसेस कार्पेंटरच्या वर्गातील स्त्रीला पत्रे लिहिण्यास जी फुरसत मिळते ती अशाच कोणाच्या तरी सोमवारातून आलेली असते. १८७० च्या जनगणनेत पगारी काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या घरकामाच्या नोकरीत होत्या. ईशान्येकडील शहरांत त्यांत आयरिश मुली बहुसंख्य, दक्षिणेत काळ्या स्त्रिया. आपल्या दोन्ही लेखिका बैठकीच्या दालनातून घरात शिरल्या. मागील दार त्यांना कोणी दाखवले नाही, आणि ज्या समाजातून त्या आल्या होत्या तेथेही मागील दाराने येणाऱ्यांविषयी लिहिण्याची रीत नव्हती.

हॅरिएट जेकब्स या पूर्वीच्या गुलाम स्त्रीचे १८६१ मधील आत्मकथन या संदर्भात आठवते. ते कादंबरीवजा असावे किंवा संपादिकेनेच लिहिले असावे, असा समज शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला. जीन फॅगन येलिन यांनी १९८७ च्या आवृत्तीत पुराव्यांनिशी तो मोडला. गोऱ्या गृहिणीचे पत्र अस्सल असल्याचा पुरावा कोणी मागत नाही.

आता ल्यूसी लार्कम. वडील वारल्यानंतर आईने मॅसॅच्युसेट्समधील लॉवेल या गिरणगावात कामगार मुलींसाठी खाणावळ-वसतिगृह चालवायला घेतले, आणि ल्यूसी अकरा-बारा वर्षांची असताना गिरणीत लागली. काम होते सूतकताईच्या यंत्रावरील भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या चढवण्याचे. लॉवेलच्या मुलींचा दिवस बारा-तेरा तासांचा. १८३४ आणि १८३६ मध्ये त्यांनी संप केले. १८४० पासून काही वर्षे ‘लॉवेल ऑफरिंग’ हे स्वतःचे मासिकही चालवले. गिरणीत पुस्तक आणण्यास बंदी होती, म्हणून ल्यूसी वर्तमानपत्रांतल्या कवितांची कात्रणे आपल्या खिडकीच्या चौकटीला चिकटवीत असे. वाङ्मयाच्या इतिहासात वाचनाच्या जागांची यादी कधी केली तर ही खिडकी तीत हवी. आणि दातांच्या डॉक्टरकडची ती खुर्चीही. लार्कमच्या आईचे वसतिगृह तर त्याहून बोलके आहे. तेथे घर हेच कामाचे ठिकाण होते, स्वयंपाक हीच मजुरी. ‘घर’ आणि ‘बाहेर’ अशी ज्या शतकाची वाटणी वेल्टर यांच्या मासिकांनी केली, त्याच शतकात एका विधवेने ती वाटणी दर आठवड्याच्या हिशेबात मोडून टाकली होती.

इचलकरंजीच्या वाचकाला हे समजण्यासाठी लॉवेलला जाण्याचे कारण नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला आणि घोरपडे जहागिरीच्या आश्रयाने पुढे गाव मागांचे झाले. हे मोठ्या गिरणीचे गाव कधी झाले नाही. माग घराशेजारच्या, कित्येकदा घरातल्याच शेडमध्ये बसले. शटलच्या मागाला कांड्या लागतात, आणि कांड्या भरणे हे काम बहुतांशी बायकांकडे आले. एका हाताने कांडी, दुसऱ्याने पोर, चुलीवर आधण. या बाईची गणना कोठे करावी? ती गृहिणी आहे, की कामगार? आपल्या विद्यापीठीय चर्चांत पार्थ चटर्जी यांनी १९८९ मध्ये मांडलेली ‘घर आणि जग’ ही विभागणी गेली काही दशके फार सैल हाताने वापरली जाते. बंगाली भद्रवर्गापुरती ती अर्थपूर्ण असेल. कांड्या भरणाऱ्या बाईच्या सोप्यात ती टिकत नाही, आणि लॉवेलच्या वसतिगृहातही टिकत नव्हती.

मराठीत या साऱ्याचे पुढे काय झाले? श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ मध्ये आली, तिचे नाटक झाले, २०१९ मध्ये चित्रपट झाला. कादंबरीचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. पण तिने केलेली निवड शीर्षकातच उघड आहे: पत्रांतले विश्व पती-पत्नी या एका अक्षावर आणले गेले आणि स्त्रीने स्त्रीला लिहिलेला भाग पार्श्वभूमीत सरकला. अंजली कीर्तने यांनी १९९७ च्या संशोधनपर चरित्रात कागदपत्रांच्या आधारे तोल बराचसा सावरला. तरीही पदव्युत्तर वर्गांत आनंदीबाई येतात त्या बहुधा कादंबरीतल्याच.

१८८६ मध्ये कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाची जबाबदारी देऊ केली. ती हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. गोपाळरावांनी त्यांची रक्षा मिसेस कार्पेंटर यांच्याकडे पाठवली, आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. तेथील शिळेवर आनंदीबाईंच्या नावापुढे डॉक्टरची पदवी आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री हा उल्लेख आहे. ‘लोकस्थिती’च्या भाषेत शोभेल असा तो मजकूर आहे. त्या दोघींचे नाते काय होते हे पाहायचे तर काशीबाईंच्या पुस्तकातली पत्रे उघडावी लागतात.